इंजिन गाडीतच ठेवून ओव्हरहॉल: गोव्यातल्या जुन्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

वेगळं सांगितलं नसेल तिथं खालची सगळी मापं अँबॅसिडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाची आहेत. हे इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सीरिजचं. गोव्यात अजून चालत्या असलेल्या जुन्या गाड्यांत ते बरंच सापडतं, आणि जागेवर काम करायला त्याच्यासारखं समजूतदार इंजिन नाही. दुसरी गाडी असेल तर पद्धत तीच ठेवा, आकडे मात्र तिच्या मॅन्युअलमधले घ्या.

इंजिन खाली न उतरवता पूर्ण ओव्हरहॉल होतं का?

पूर्ण होत नाही. गॅरेजच्या भाषेत ज्याला हाफ इंजिन म्हणतात तेवढं होतं. त्यात हेड, व्हॉल्व्ह, पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉडची बेअरिंग, टायमिंग चेन, ऑइल पंप आणि सगळी गॅस्केटं येतात. क्रँक (पिस्टनच्या ढकलण्याने फिरणारा खालचा दांडा) ग्राइंड करायचा असेल, ब्लॉकला तडा असेल, कॅमशाफ्टची बुशं गेली असतील किंवा ब्लॉकच्या मागच्या बाजूचा वेल्श प्लग (पाण्याच्या वाटेवरचं पत्र्याचं बूच) गळत असेल, तर इंजिन उतरवण्याला पर्याय नाही. त्यामुळे सगळा निर्णय क्रँकवर येऊन थांबतो. क्रँक बरा असेल तर गाडीतच काम करा. तो खराब असताना वरून नवे पिस्टन घालणं म्हणजे वाळवी लागलेल्या वाशांवर नवी कौलं चढवणं.

क्रँक बरा आहे हे गाडी न उघडता कसं कळणार?

पक्कं कळत नाही, पण अंदाज बांधता येतो. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर किंवा काट्यावर भरवसा ठेवू नका. ऑइल प्रेशरच्या पोर्टला बाहेरून मेकॅनिकल गेज जोडा आणि गाडी अर्धा तास चालवून इंजिन पुरतं तापू द्या. तापलेल्या इंजिनात रस्त्याच्या वेगाला ५० पीएसआयच्या आसपास आणि आयडलला १५ च्या वर प्रेशर मिळालं तर बेअरिंग बहुधा ठीक आहेत. आयडलला काटा ५-७ वर लोळत असेल आणि अ‍ॅक्सिलरेटर देताना खालून जड ‘धड धड’ येत असेल, तर मेन बेअरिंगचा संशय घ्या. हलका, टणक ‘टक टक’ आला आणि त्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढल्यावर तो कमी झाला, तर रॉडचं बेअरिंग समजा.

कंप्रेशन टेस्ट कशी करायची आणि तिचा अर्थ काय लावायचा?

इंजिन गरम असावं, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. प्लगच्या भोकात कंप्रेशन गेज लावून स्टार्टरने प्रत्येक सिलिंडरला सारखे पाच-सहा ठोके द्या आणि आकडे लिहून ठेवा. एकट्या आकड्यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा. तो १० टक्क्यांच्या आत असावा. मग ज्याचं कंप्रेशन कमी आलं त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत सारखंच कमी आलं तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट गेलेलं असतं, आणि मग कदाचित तुम्हाला ओव्हरहॉलची गरजच नाही.

धूरही बोलतो. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा लोट येऊन गेला आणि मग साफ झालं तर व्हॉल्व्ह गाइड. चढावर सतत निळा असेल तर रिंगा. पावसाळ्यात सायलेन्सरमधून येणारी पांढरी वाफ पाहून घाबरू नका. रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तेव्हाच तिच्याकडे लक्ष द्या.

गोव्यात हे काम कोणत्या महिन्यात काढावं?

दिवाळीनंतर. जूनमध्ये हेड उघडलं आणि पार्ट चवथीपर्यंत आला नाही, तर तुम्ही गंजाशी भांडत बसाल. घासून स्वच्छ केलेला बोअर पावसाळ्याच्या हवेत एका रात्रीत तांबूस पडतो. समुद्राजवळच्या गावांत तर उन्हाळ्यातही हीच गत. म्हणून घासलेला प्रत्येक भाग त्याच दिवशी इंजिन ऑइलने पुसून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. बोअरलाही रोज संध्याकाळी तेलाचा हात फिरवा. उघड्या ब्लॉकवर गोणपाट टाकू नका, त्याचे धागे आणि माती आत पडते. धुतलेली जुनी चादर आणि वर प्लायवूडचा तुकडा पुरतो. घुशी आणि पालींचाही विचार त्यात येतोच.

गाडी वर कशावर घ्यायची?

जॅक स्टँडवर, चारही बाजूंनी, सपाट सिमेंटच्या जमिनीवर. चिऱ्यांवर नाही. अंगणात चिरे पडलेले असतात, दोन-दोन रचून वर फळी ठेवली की गाडी छान टेकलेली दिसते, आणि तिथंच घात होतो. जांभ्याचा चिरा भिंतीत सगळीकडून सारखा भार घेतो. चॅसीच्या अरुंद कडेखाली एका बिंदूवर भार आला की तो भुगा होऊन खचतो, तेही आधी चुणूक न देता. तुम्ही त्या वेळी चेंबरचे (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचे) बोल्ट सोडत छातीवर हात घेऊन खाली पडलेले असता. जॅक स्टँड परवडत नसेल तर हे काम परवडत नाही, असं समजा.

कोणती हत्यारं लागतील?

या इंजिनाचे बरेचसे नट-बोल्ट इंची, म्हणून ए-एफ (नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधल्या) मापाचे सॉकेट लागतात. मिलीमीटरचा पाना ‘जवळजवळ बसतो’ म्हणून लावला की नटाच्या कडा गोल झाल्याच. याशिवाय टॉर्क रेंच, फीलर गेज, ०-२५ आणि २५-५० तसंच ५०-७५ मि.मी.चे मायक्रोमीटर, रिंग कंप्रेसर, व्हॉल्व्ह स्प्रिंग कंप्रेसर, प्लास्टिगेज, ग्लेझ काढायचा तीन पायांचा होन आणि सरळ धारेची पट्टी. बोअर गेज असेल तर उत्तमच. नसेल तर पुढे एक युक्ती दिली आहे.

हेड काढताना सगळ्यात जास्त कुठं चुकतं?

रॉकर शाफ्ट आधी काढताना. रॉकरच्या आधारांचे काही नट हेच हेडचेही नट असतात. पाणी न काढता आणि बाकीचे नट आवळलेले ठेवून फक्त रॉकरचे नट सोडले तर हेड एका बाजूने खेचलं जातं आणि वाकतं. शिवाय पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणून आधी रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हीकडचं पाणी काढा. ब्लॉकच्या तोटीतून पाणी आलंच नाही तर आत गाळ बसलाय. तोटी काढून तारेने मोकळी करा. मग सगळे नट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत ढिले करा.

पुशरॉड, म्हणजे टॅपेटकडून रॉकरला ढकलणारे उभे दांडे, सरळ वर ओढू नका. तेलामुळे खालचा टॅपेट चिकटून वर येतो आणि मध्येच सुटून कुठंतरी अडकतो. रॉड जरा फिरवून, हलवून मोकळा करा, मग उचला. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडा, १ ते ८ आकडे घाला आणि रॉड त्याच क्रमाने खोचा. झिजलेल्या जोड्या एकमेकांना ओळखतात. त्यांची अदलाबदल केली तर महिन्याभरात टॅपेटचा आवाज सुरू होतो.

नट सुटले, पण हेड हलत नाही.

स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, ब्लॉकच्या तोंडावर पडलेली चीर नवं गॅस्केट भरून काढत नाही. प्लग बसवलेलेच ठेवा, नट अर्धवट सैल ठेवा आणि हँडल मारून इंजिन फिरवा. कंप्रेशनच हेडला उचलतं. तरी नाही झालं तर स्टडच्या मुळाशी गंज धरलेला असतो. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मे-निम्मे करून तिथं सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी लाकडी ठोकळा ठेवून बाजूने हळू ठोका. अ‍ॅसिटोनजवळ आग नको, हे सांगायला लागू नये, तरी सांगतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड खाऱ्या हवेत सगळ्यात आधी सडतात. ते तुटणारच असं धरून चाला. परत बसवताना पितळी नट वापरा, पुढच्या वेळी सुटतील.

बोअर किती झिजला हे बोअर गेजशिवाय कळतं का?

कळतं. एक नवी, त्याच मापाची कंप्रेशन रिंग घ्या. पिस्टन उलटा धरून त्याच्या माथ्याने ती बोअरमध्ये वरून साधारण १५ मि.मी. आत ढकला, म्हणजे ती सरळ बसते. फीलर गेजने तिच्या टोकांमधली फट मोजा. मग तीच रिंग रिंगांच्या प्रवासाच्या अगदी तळाशी नेऊन पुन्हा मोजा. दोन फटींतल्या फरकाला ३.१४ ने भागा. जे येतं ती बोअरची वर-खालची झीज, म्हणजे टेपर. समजा वर ०.७० मि.मी. आणि खाली ०.३० मि.मी. आली. फरक ०.४०, म्हणजे टेपर ०.१३ मि.मी.च्या जवळपास.

०.१० च्या आत असेल तर होन करून नव्या रिंगा घालायला हरकत नाही. ०.१५ च्या वर गेला तर रीबोअर, म्हणजे बोअर मोठा कापून मोठ्या मापाचे पिस्टन. मधल्या पट्ट्यात असाल तर गाडी वर्षाला किती धावणार ते स्वतःला विचारा. रविवारी मडगावला जाऊन यायची गाडी आणि महिन्यातून दोनदा बेळगावची फेरी करणारी गाडी यांना एक नियम लावता येत नाही. या युक्तीने बोअरचा अंडाकार मात्र कळत नाही, त्यासाठी गेज लागतंच.

गाडीतच रीबोअर करून देतो असं एक टर्नर म्हणतो. द्यावं का?

ब्लॉकच्या तोंडावर आवळून बसणारं पोर्टेबल बोरिंग मशीन असतं आणि त्याने काम होतं. यंत्रात दोष नाही. प्रश्न खाली पडणाऱ्या किसाचा आहे. कास्ट आयर्नचा काळा भुगा क्रँकच्या ऑइलच्या भोकांत शिरला की नवी बेअरिंग पाचशे किलोमीटरही टिकत नाहीत. आमचं मत विचाराल तर रीबोअर लागतोय म्हटल्यावर इंजिन उतरवा. ब्लॉक धुता येतो, वेल्श प्लग बदलता येतात, क्रँकही मोजून होतो. गाडीतच करायचं ठरलं तर चेंबर उतरवलेला असू द्या, प्रत्येक जर्नलला (क्रँकच्या बेअरिंग बसणाऱ्या भागाला) ग्रीस लावलेला कपडा गुंडाळून वर टेप मारा, आणि नंतर क्रँकची भोकं केरोसीन आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा.

माप लक्षात ठेवा. मूळ बोअर ७३.०२५ मि.मी. ‘वीस साइज’ म्हणजे ०.०२० इंच जास्त, म्हणजे ७३.५३ मि.मी. ‘चाळीस साइज’ ७४.०४ मि.मी. आधी पिस्टन हातात घ्या, त्यांचा स्कर्ट मोजून टर्नरला द्या, मगच बोअर करायला सांगा. खोक्यावरच्या आकड्यावर बोअर केला की क्लिअरन्स चुकतो.

पिस्टन खालून काढायचे की वरून?

वरून. या रॉडचा खालचा डोळा तिरका कापलेला आहे, तो नेमका बोअरमधून वर निघावा म्हणूनच. आधी बोअरच्या काठावरचं कडं, म्हणजे रिज, रीमरने काढा. ते ठेवून पिस्टन ठोकला तर रिंगेची खाच फुटते. आणि ते ठेवून नव्या रिंगा घातल्या तर वरची रिंग त्याच कड्यावर आपटून तुटते. ‘नव्या रिंगा आठवड्यात गेल्या’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

त्याआधी चेंबर. पाच-सहा लिटरचं घमेलं खाली धरा आणि तेल गरम असताना काढा. बोल्ट निघूनही चेंबर क्रॉस मेंबरला अडत असेल तर इंजिन माउंट सैल करा आणि इंजिन जॅकने ४०-५० मि.मी. उचला. जॅक आणि इंजिनामध्ये लाकूड ठेवा आणि फॅन रेडिएटरला लागत नाही ना, वरचा होज ताणला जात नाही ना, हे बघत राहा.

रॉड आणि त्याची टोपी (बेअरिंग कॅप) दोन्हींवर सिलिंडरचा आकडा आहे का पाहा. नसेल तर सेंटर पंचने हलके ठिपके मारा: एक, दोन, तीन, चार. रॉड ढकलताना बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर जर्नलला ओरखडा जातो.

बेअरिंग शेल बदलायचे की जुनेच चालतील?

चेंबर उघडलाच आहे तर रॉडचे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) बदलाच. जुन्या शेलच्या पाठीवर साइज कोरलेली असते: स्टँडर्ड, ०१०, ०२०, ०३० किंवा ०४०. नवे त्याच साइजचे घ्या. पण आधी जर्नल दोन दिशांनी, दोन ठिकाणी मोजा. मूळ माप ४७.६५ मि.मी. अंडाकार ०.०५ मि.मी.हून जास्त असेल किंवा नख फिरवल्यावर चर जाणवत असेल तर ग्राइंडिंगशिवाय गत्यंतर नाही, आणि म्हणजे इंजिन उतरवणं आलं. गोल नसलेल्या जर्नलवर नवा शेल घालून प्रेशर दोन महिने वाढतं, मग पुन्हा होतं तिथंच येतं.

क्लिअरन्स प्लास्टिगेजने बघा. जर्नल आणि शेल कोरडे ठेवा, पट्टी आडवी ठेवा, टोपी ३५ पाउंड-फूटला, म्हणजे ४७ न्यूटन-मीटरला आवळा, क्रँक अजिबात फिरवू नका, उघडा आणि चपटी झालेली पट्टी कागदावरच्या मापाशी ताडा. ०.०३ ते ०.०५ मि.मी. छान. लॉक वॉशर दरवेळी नवे.

मेनचे शेलही जागेवर बदलता येतात. एका वेळी एकच टोपी उतरवा. वरचा अर्धा शेल काढायला एक मऊ स्प्लिट पिन घ्या, तिचं डोकं चपटं करून क्रँकच्या ऑइलच्या भोकात बसवा आणि क्रँक हळू फिरवा. पिन शेलला ढकलत बाहेर आणते. शेलची जीभ ज्या बाजूला आहे त्या बाजूने निघेल अशा दिशेने फिरवा. नवाही तसाच आत जातो. मधली टोपी सहज सुटते. पुढची आणि मागची अंत पाहतात, कारण प्लेट आणि कॉर्कच्या पट्ट्या आड येतात. टॉर्क ७० पाउंड-फूट, म्हणजे ९५ न्यूटन-मीटर. मधल्या मेनलाच थ्रस्ट वॉशर असतात. क्लच दाबल्यावर पुलीकडून क्रँक पुढे सरकताना दिसत असेल तर तेही बदला. त्यांच्या तेलाच्या खाचा बेअरिंगपासून बाहेरच्या बाजूला, क्रँककडे तोंड करून असायला हव्यात. एंड फ्लोट ०.०५ ते ०.०७५ मि.मी.

होन किती करायचा?

चकाकी जाईपर्यंत, बस्स. एका बोअरला २०-३० सेकंद पुरतात. ड्रिल हळू फिरवा, वर-खाली भरभर न्या, मध्ये केरोसीन सोडत राहा, आणि होन फिरत असतानाच बाहेर काढू नका. आडव्या-तिरप्या रेघांची जाळी उमटली पाहिजे. तिच्यात तेल धरलं जातं.

आता खरं काम: सफाई. ब्लॉक गाडीत असल्यामुळे साबणाच्या गरम पाण्याचा पाइप मारता येत नाही, म्हणून होनची वाळू हाताने काढावी लागते. होन करण्याआधीच जर्नलला कपडा गुंडाळून टेप मारलेला असावा. नंतर केरोसीनने पुसा, मग इंजिन ऑइलमध्ये भिजवलेला पांढरा सुती कपडा फिरवा. कपडा करडा निघतो. दुसरा घ्या. तोही करडा. असे सहा-सात तुकडे तरी जातात. शेवटचा तुकडा बोअरमधून पांढरा बाहेर आला की झालं. जागेवर केलेली जेवढी इंजिनं लवकर परत उघडतात, त्यातली जास्त या कपड्यांची काटकसर केल्याने उघडतात. झिजलेला पार्ट वर्षानुवर्षं चालतो, होनची वाळू मात्र दोन आठवड्यांत हिशेब करते.

रिंगांची फट किती?

०.२० ते ०.३३ मि.मी. टेपर असलेल्या बोअरमध्ये ती तळाशी, जिथं बोअर अरुंद आहे तिथं मोजा. वर मोजून फट बरोबर ठेवली तर रिंग खाली आल्यावर टोकांना टोकं भिडतात आणि ती बोअर खरवडते. कमी असेल तर बारीक कानशीने टोक घासा, एकाच दिशेने, आतल्या बाजूला. बसवताना तिन्ही-चारही रिंगांच्या फटी एका रेषेत ठेवू नका.

गजन पिन या इंजिनात रॉडच्या वरच्या डोळ्यात बोल्टाने पकडलेली असते. तो बोल्ट आवळताना रॉड व्हाइसमध्ये धरू नका, वाकतो. पिनच्याच दोन्ही टोकांना आधार द्या.

व्हॉल्व्हचं काम कितपत करायचं?

प्रत्येक व्हॉल्व्ह गाइडमध्ये अर्धवट घालून हलवून बघा. डोकं डावी-उजवीकडे डुगडुगत असेल तर गाइड बदला, फक्त ऑइल सील बदलून धूर थांबत नाही. ग्राइंडिंग पेस्टने लॅपिंग करताना आधी जाडी, मग बारीक पेस्ट. सीटवर अखंड करडी कडी आली की थांबा. तपासायला व्हॉल्व्ह बसवून हेडमधल्या ज्वलनाच्या चेंबरच्या बाजूने केरोसीन भरा, पाच मिनिटांत पोर्टमध्ये ओल दिसता कामा नये.

हेडचं तोंड सरळ पट्टीने तपासा, ०.०५ मि.मी.चा फीलर कुठंही शिरत असेल तर टर्नरकडे द्या, पण कमीत कमी काढायला सांगा.

शिशाचं पेट्रोल देशात २००० सालीच बंद झालं. त्या शिशाने कास्ट आयर्नच्या सीट वाचत होत्या. आता एक्झॉस्टच्या सीट हळूहळू खोल जातात आणि टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते. हेड टर्नरकडे गेलंच आहे तर एक्झॉस्टला कडक सीट इन्सर्ट बसवून घ्या.

हेड आवळायचा क्रम आणि टॅपेट?

मधून सुरुवात, गोल फिरत बाहेर, तीन टप्प्यांत: २०, ३०, ४० पाउंड-फूट. शेवटचा म्हणजे ५४ न्यूटन-मीटर. गॅस्केटला शेलॅक किंवा सिलिकॉन फासू नका. सिलिकॉनचा जादा शेंबूड आत सुटून ऑइल स्ट्रेनरमध्ये अडकतो.

टॅपेटची फट ०.३८ मि.मी., थंड इंजिनावर. नऊचा नियम वापरा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला लावायचा, सातवा उघडा तेव्हा दुसरा. बेरीज नेहमी ९. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

पहिल्यांदा चालू करताना?

ऑइल पंप उघडला असेल तर तो पेट्रोलियम जेलीने भरून बसवा, ग्रीसने नाही. २०डब्ल्यू-५० मिनरल तेल घ्या. फिल्टरसह साडेचार लिटरच्या आसपास लागतं, पण डिपस्टिकचं ऐका. प्लग काढून हँडलने आणि मग स्टार्टरने, दहा-दहा सेकंद, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत फिरवा. रॉकरवर तेल पोचलं का तेही बघा. मग प्लग लावा. चालू झालं की लगेच १५०० ते २००० आरपीएमला आणा आणि २० मिनिटं तिथंच खेळवत ठेवा. आयडलला सोडू नका. थंड झाल्यावर प्रत्येक नट एकेक करून किंचित सैल करून परत ४० ला आवळा, आणि टॅपेट पुन्हा लावा.

रनिंग-इन गोव्यात कुठं आणि कसं?

पहाटे, राष्ट्रीय महामार्ग ६६ वर. बांबोळी ते वेर्णा पट्टा चांगला, कुठ्ठाळीहून पठारावर जाणारा चढ रिंगांना हवा तेवढाच भार देतो. तिसऱ्या गिअरमध्ये ३० वरून ५५ पर्यंत अर्धा अ‍ॅक्सिलरेटर देऊन ओढा, मग पाय काढून गाडी आपोआप मंदावू द्या. असं दहा-बारा वेळा. भार आला की वायूचा दाब रिंगांना भिंतीवर दाबतो, त्यानेच त्या बसतात. फार जपून, सतत ३० ने चालवलं तर बोअर चकाकतो आणि तेल कायमचं जळत राहतं. दिवाडीच्या फेरीबोटीच्या रांगेत इंजिन बंद करा. पहिले ५०० किलोमीटर चोर्ला, अनमोड आणि करमळ घाट नको. ५०० ला तेल आणि फिल्टर बदला.

पद्मिनी किंवा बीटलला हेच लागू आहे का?

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५ मि.मी. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणून ते पूर्ण थंड झाल्यावरच उघडा, आणि वरचे टॉर्कचे आकडे तिला लावू नका. बीटलला हा सगळा उद्योगच करू नका. चार बोल्ट काढले की इंजिन मागून हातात येतं, टेबलावर घ्या.

पार्ट कुठं मिळतात?

किरकोळ गॅस्केटं म्हापसा, मडगावला. पिस्टन आणि शेल बहुधा मुंबई किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटहून मागवावे लागतात. जुन्या खोक्यातला माल उघडून मोजल्याशिवाय पैसे देऊ नका, खोकं एका साइजचं आणि आत दुसरीच, असं चालतं. मशीनिंगसाठी बेळगाव किंवा कोल्हापूर.

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने नव्या इंजिनाचं काही बिघडतं का?

इंजिनाचं कमी, वाटेतल्या रबराचं जास्त. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, होज आणि कार्बोरेटरची सीलं इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी इथेनॉल ओढून घेतं.

ओव्हरहॉल केल्याने व्हिंटेज नोंदणीला अडचण येते का?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज ठरते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल झालेला चालत नाही. त्याच ब्लॉकमध्ये मूळ धाटणीचे पिस्टन आणि शेल घालणं ही दुरुस्ती. दुसरं इंजिन बसवणं हा फेरबदल. इंजिन नंबरची पट्टी घासू नका, रंगवू नका, काम सुरू करण्याआधी तिचा फोटो काढा आणि बिलं जपा.

सगळं नीट झालं, तरी मागून थेंब थेंब तेल गळतंय.

या इंजिनाला मागे रबरी सील नाही. क्रँकवरच्या स्क्रूसारख्या खाचा फिरताना तेल आत ढकलतात, त्यामुळे उभ्या गाडीखाली एक-दोन थेंब पडणारच. जास्त पडत असेल तर आधी टॅपेटच्या बाजूच्या झाकणांची कॉर्क गॅस्केटं बघा, तेल तिथून ओघळत मागे जातं आणि दोष बिचाऱ्या क्रँकवर येतो. मग ब्रीदरची नळी तुंबलीय का पाहा. क्लच हाउसिंगच्या तळाला भोकात लोंबणारी स्प्लिट पिन असते. ती भोक मोकळं राहावं म्हणून आहे. गळती थांबवायला तिथं एम-सील लावलं तर तेल क्लच प्लेटवर चढतं, आणि मग गिअरबॉक्स उतरवावा लागतो.